कुंडीतला कंद

आमच्या घरात कांदा येत नाही. बटाटा, लसूण, मुळा, गाजर नाही; रताळं उपासालाही नाही. आलं येतं ते सुंठ होऊन, हळद येते ती वाळून. माझं माहेर बेळगाव, सासर निपाणी. दोन्ही घरी रीत हीच. आपल्या समाजात सगळेच इतकं पाळतात असं मी म्हणत नाही. माझ्याच बहिणीच्या घरी बटाटेवडे होतात आणि मी तिच्याकडे जाऊन आनंदानं चहा पिते. पण आमचं घर पाळणारं. आणि अशा घराच्या परसात गेली पाच वर्षं मी कंद वाढवते आहे. अकरा कुंड्या आणि आंब्याखाली एक लहानसा वाफा.

हे काय भलतंच, असं तुम्हाला वाटेल. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पहिल्याच दिवशी वाटलं होतं. "अगं, जे ताटात चालत न्हाई ते दारात कशाला आणलंस?" प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर सापडायला मला बराच काळ लागला, आणि तोवर एक कंद माझ्या हातून मेला होता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात आम्ही बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो. मलप्रभेचा उगम तिथं आहे, आणि पुढं रस्ता चोर्ला घाटानं गोव्यात उतरतो. पाऊस नुकता उघडला होता. रस्त्याच्या कडेला रानाच्या तोंडाशी एका झुडपावर कळलावी चढली होती. तुम्ही पाहिली असेल. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा चुणीदार, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल. जणू ओल्या रानात कुणीतरी चूल पेटवून ठेवली आहे. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नाही. तिच्या पानाचं टोकच वळून हात होतं आणि शेजारच्या फांदीला धरतं.

मला ती हवीशी वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. हे म्हणाले, "असू दे की तिथंच, किती छान दिसतीय." मी ऐकलं नाही. गाडीत जॅकची सळी होती, तिनं उकरायला लागले. कंद बराच खोल निघाला. कळलावीचा कंद दोन फाट्यांचा असतो, नांगरासारखा, म्हणून तिचं आणखी एक नाव लांगली. ओढताना एक फाटा कट्‌कन मोडला. आत पांढराशुभ्र, ओलसर, एकसारखा. धागा नाही, रेषा नाही. तो मोडलेला तुकडा मी तिथंच टाकला आणि उरलेला पदरात गुंडाळून आणला.

निपाणीची जमीन काळी, तंबाखूची. मी शेतातली तीच माती कुंडीत भरली आणि कंद लावला. वेल सुकली. कार्तिकात देठही वाळून पडला. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी रोज सकाळी अभिषेकाहून आल्यावर आठवणीनं एक तांब्या घालायची. कोंब येत नाही म्हणून दोनदा माती बाजूला करून पाहिलं. फाल्गुनात पुरता उकरला तेव्हा हातात काळपट चिखल आला, त्याला आंबूस वास.

नंतर कळलं की कळलावी पावसाळ्यापुरतीच जमिनीवर येते. पुढचे सहा-सात महिने कंद निजतो. त्या काळात त्याला कोरडं ठेवायचं असतं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि निजलेला कंद तेवढ्यानंच कुजतो. म्हणजे मी त्याला विसरले असते तर तो कदाचित जगला असता. माझ्या रोजच्या तांब्यानंच तो मेला.

आत्याबाईंचा दुसरा आक्षेप विषाचा होता, आणि तो अगदी खरा होता. कळलावी सगळीच विषारी, कंद सगळ्यात जास्त. रताळं समजून तो खाल्ल्यानं श्रीलंकेत माणसं दगावलेली आहेत. पूर्वी खेड्यात अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर किंवा तळपायांवर कंदाचा लेप देत, कळा लवकर याव्यात म्हणून. कळ लावणारी ती कळलावी. काहीजणी म्हणतात, घरात ठेवली की भांडणाची कळ लागते म्हणून कळलावी. आमच्या घरात ती दुसऱ्या अर्थानं लगेच लागू पडली. "विष हाय ते, लहान पोरं फिरतात घरात," असं त्या म्हणाल्या आणि मी फटकन बोलून गेले, "आत्याबाई, आपल्या वखारीत काय आहे मग?"

बोलू नये ते बोलले. आमचं घर तंबाखूवर उभं राहिलं, जशी निपाणीतली कितीतरी घरं उभी राहिली. आता धंदा बंद आहे, पण माझ्या मुलांची शिक्षणं त्याच पैशांत झाली. श्रावकानं विषाचा व्यापार करू नये असं आपल्याकडे स्पष्ट सांगितलेलं आहे. बटाटा उंबऱ्याच्या बाहेर ठेवताना तंबाखूच्या पोत्यांकडे आमच्या घरात कुणी बोट दाखवलं नव्हतं. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी पाया पडून क्षमा मागितली. त्यांनी क्षमा केली, पण प्रश्न दोघींच्याही मनात राहिला: आपण नेमकं काय पाळतो?

कंदमूळ का खायचं नाही, हे लहानपणापासून पाठ असतं. अनंतकाय. एका शरीरात एक जीव ती प्रत्येक वनस्पती, एका शरीरात अनंत जीव ती साधारण. त्या जीवांचा आहार एक, श्वास एक, जन्म एकदम आणि मरणही एकदम. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या 'गोम्मटसारा'त अशी वनस्पती ओळखायच्या खुणाही आहेत. मोडली तर एकसारखी मोडते, आत तंतू राहत नाही, तोडली तरी पुन्हा उगवते. आमच्या बस्तीतल्या बायकांच्या स्वाध्यायात हा भाग आला तेव्हा माझ्या कानात तो कट् आवाज झाला. ग्रंथातली खूण मी हातात धरून पाहिली होती आणि टाकून आले होते.

वनस्पतिशास्त्र आपल्या शब्दांत वेगळं काही सांगतं. कंद ही झाडाची शिल्लक. चार महिने पानांनी उन्हात कमावलेलं सगळं तो जमिनीत साठवतो, जुना कंद आक्रसतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. पुढच्या पावसात कोंब येतो तो या शिलकीवर. फळ तोडलं तर झाड राहतं. कंद काढला तर झाडाचं मागचं वर्षही गेलं आणि पुढचंही.

स्वाध्यायात पुढं 'रत्नकरंड श्रावकाचार' वाचायला घेतला. मुळा आणि ओलं आलं सोडायला सांगताना आचार्य समंतभद्र जे कारण देतात ते मला अगदी गृहिणीच्या हिशोबासारखं वाटलं. मिळतं थोडं आणि घात होतो फार, म्हणून सोडा. त्याच ग्रंथात अनर्थदंड येतो, म्हणजे विनाकारण केलेलं पाप. त्यातल्या प्रमादचर्येत काय काय मोडतं? कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडं तोडणं, उगाच हिंडणं. मी मनातल्या मनात कणकुंबीची सहल मोजली. विस्तव सोडला तर एकही बाकी नव्हतं.

मी मंडळात सगळं सांगितलं. बायकांमध्ये वाद लागला. एक म्हणाली, मग बागच लावू नये. दुसरी म्हणाली, असं कसं? आपली माणसं शेतकरी. ऋषभदेवांनीच असि-मसीबरोबर कृषी शिकवली. चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) इथल्याच भोजच्या शेतकरी घरातले. नांगर धरल्याशिवाय भाकरी येते का? ते खरंच आहे. पोटासाठी केलेल्या शेतीतली हिंसा ती उद्योगी, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही. पण माझ्या कळलावीवर कुणाचं पोट होतं? तिच्याजवळ मला देण्यासारखं होतं ते फक्त तिचं रूप, आणि ते तर मला रस्त्यावरून दिसतच होतं.

तेवढ्यात आमच्यातल्या एक निवृत्त बाई, ज्या फारशा बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "हिंसेचं राहू दे क्षणभर. तो कंद तुला दिला कुणी?"

मी गप्प झाले. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, ही आपल्याकडची चोरीची व्याख्या. ती इतकी कडक आहे की गृहस्थाला त्यातून थोडी सवलत द्यावी लागली. अमृतचंद्र आचार्यांनी ती विहिरीच्या पाण्यासारख्या वस्तूंपुरती दिली आणि बाकीचं न दिलेलं सगळं सोडायला सांगितलं. रान कुणाचंच नाही म्हणून ते माझं, असं मी धरून चालले होते. राखीव जंगलातून झाड उपटणं हा कायद्यानंही गुन्हा आहे, हे तर मला तेव्हा सुचलंही नव्हतं. आणि ते दिवस चातुर्मासाचे. पावसाळ्यात जागोजागी कोंब फुटलेले असतात, किडामुंगी वर आलेली असते, पायाखाली जीव जाऊ नये म्हणून मुनी आणि आर्यिका माताजी चार महिने एका गावी थांबतात. आम्ही त्यांच्या आहाराची तयारी करतो, दर्शनाला जातो. त्याच महिन्यात मी लोखंडी सळीनं उगवती मुळं उकरत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कारण मी ती खाणार नव्हते!

इथं माझी खरी चूक होती असं आज वाटतं. न खाणं एवढीच माझी अहिंसा होती. ताटाच्या कडेपर्यंत ती पक्की होती. ताटाच्या बाहेर मी मोकळी होते. पण आचार्यांनी दिलेलं माप ताटापुरतं नाही. मिळतं किती आणि घात किती, हे कुंडीलाही विचारता येतं, वखारीलाही विचारता येतं, लग्नाच्या मांडवातल्या फुलांनाही विचारता येतं.

मग बाग बंद करायची का? मी खूप विचार केला. मातीत हात घातला की माझं मन थाऱ्यावर येतं. हे प्रयोजन म्हणता येईल का? म्हणता येईल, पण लहान. प्रयोजन लहान असेल तर घातही तेवढाच लहान राखला पाहिजे, असा मी माझ्यापुरता निकाल दिला. रानातून काही आणायचं नाही. जे वाढवायचं ते मागून आणि बियांपासून.

पुढच्या मार्गशीर्षात स्तवनिधीला दर्शनाला गेले होते. दक्षिण भारत जैन सभेची १८९९ साली स्थापना झाली ते हे क्षेत्र, आमच्या निपाणीच्या अगदी जवळ. वाटेत एका शेताच्या कुंपणावर कळलावीच्या वाळक्या शेंगा दिसल्या, उकललेल्या, आत लालभडक बिया. शेतातल्या मावशींना विचारलं, "थोड्या घेऊ का?" त्या हसल्या. "घे की, त्याला काय विचारतीस!" विचारायचंच तर होतं.

चाळीस बिया ज्येष्ठात पेरल्या. या वेळी काळी माती घेतली नाही. बेळगावकडची तांबडी माती, आंब्याखालचा कुजलेला पाला आणि वाळू समसमान, कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे. कुंडी खोल घेतली, कारण कंद खाली सरकतो. कित्येक आठवडे काही दिसलं नाही. मग एकेक करत सतरा उगवल्या. दुसऱ्या पावसात, मी नाद सोडला होता तेव्हा, आणखी सहा. पहिल्या वर्षी वीतभरसुद्धा वाढ नाही, चार-पाच पानं, आणि मातीखाली हरभऱ्याएवढा कंद. दुसऱ्या वर्षी बोटाच्या पेराएवढा. फूल चौथ्या पावसाळ्यात आलं. कणकुंबीला मला जे दहा मिनिटांत हवं होतं, त्याला किती पावसाळे लागलेले असतात ते असं कळलं.

कोवळा कंद हाताळणं हे कौशल्याचं काम आहे. कोंब फक्त फाट्याच्या टोकाला असतो. तो मोडला की कंद धडधाकट असूनही बहुधा उगवत नाही. म्हणून कुंडी बदलायची ती उन्हाळ्याच्या शेवटी, निजलेला असताना. कुंडी आडवी करायची, माती हातानं सोडवायची, कंद दोन्ही तळव्यांवर घ्यायचा आणि दोन-तीन इंच खोल आडवा ठेवायचा. हातमोजे घालायचे आणि काम झालं की हात धुवायचेच. खायच्या भाज्यांच्या वाफ्यात तो लावायचा नाही, लहान मुलांच्या आणि गुरांच्या वाटेवर ठेवायचा नाही. मुनींच्या पाच समित्यांत एक आदान-निक्षेपण, वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून-जपून. पिंछी-कमंडलू उचलण्याची ती रीत. मी गृहिणी, माझी तेवढी पात्रता नाही, पण कंद ठेवताना मला ती समिती आठवते. भांडी मी आजही आदळते, हे आत्याबाई सांगतीलच.

प्रमाद म्हणजे आळस, दुर्लक्ष असं मी समजायचे. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला आधी स्थान दिलं आहे. पहिला कंद मेला तेव्हा दुर्लक्ष कुठं होतं? रोज पाणी होतं, रोज बघणं होतं. पण त्याला काय हवं आहे याचा पत्ता नव्हता. मला घालावंसं वाटलं म्हणून मी पाणी घातलं, मला बघावंसं वाटलं म्हणून उकरलं. मायासुद्धा प्रमादी असू शकते. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

याच नादात आपल्या डोंगरातल्या इतर कंदांची माहिती झाली. खर्चुडीचं फूल कंदिलासारखं असतं, आणि तिच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आहेत. रानातली गुराखी पोरं तिचा कंद उकरून खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी या वनस्पतींचा अभ्यास आणि जतन केलं, तिथल्या उद्यानात त्या वाढवल्या जातात. आंबोलीला सापडलेल्या एका खर्चुडीचं शास्त्रीय नाव तर सेरोपेजिया जैनी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक सुधांशु कुमार जैन यांच्यावरून ते दिलेलं. जैनाच्या नावाचा कंद! स्वाध्यायात सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. पण मी मनात नोंद केली. शास्त्रज्ञही कंद उचलतात, पण जात टिकावी म्हणून, नोंद ठेवून. मी उचलला होता तो अंगणात शोभेल म्हणून. खणणं दोन्हीकडे आहे, प्रयोजन एक नाही. तमिळनाडूचं राज्यफूल असलेली कळलावी तिथं शेतात लावतात, बियांसाठी. तिच्यातल्या कोल्चिसिनपासून गाउटचं औषध होतं. त्या शेतांसाठीही कंद पुष्कळदा रानातूनच उकरून आणलेले. औषधाचं प्रयोजन मोठं खरं, तरी फळ किती आणि घात किती हे तिथंही विचारावंच लागेल.

मी काही फार पुण्याचं करते असं समजू नका. कुंडीतली माती उलटताना गांडूळ तुटतं, मुंग्यांची अंडी उघडी पडतात. तेवीस रोपांतली सगळी जगली नाहीत. रोज आलोचना म्हणताना जमीन खणल्याची कबुली येते तिथं पूर्वी मी सहज पुढं जायची, आता थांबते. कणकुंबीला टाकून दिलेला तो मोडका फाटा उगवला असेल का, हेही मनात येतं. टोक शाबूत असेल तर उगवला असेल.

गेल्या वैशाखात भाचा सुट्टीला आला होता. माझ्या अकरा कुंड्या तेव्हा नुसत्या कोरड्या मातीनं भरलेल्या दिसतात, पानाचा मागमूस नाही. त्याला दया आली असावी. पाण्याचा तांब्या भरून तो परसात निघाला. मी स्वयंपाकघरातून ओरडणार तेवढ्यात पायरीवर बसलेल्या आत्याबाईंनी त्याचा हात धरला.

"नगं घालू रे. निजलाय त्यो. जीव हाय त्यात."